तासाभराचे विमान, चार तासांचा रस्ता

अक्कलकुव्याहून अंकलेश्वरच्या दिशेने निघालेली एसटी महाराष्ट्र सोडण्याआधी खापरला थांबते. पुढे सागबारा, डेडियापाडा, म्हणजे गुजरात. सातपुड्याच्या पायथ्याचे खापर हे बाजाराचे गाव नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. अक्कलकुवा हा विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ, त्यामुळे महाराष्ट्राच्या मतदारसंघांची मोजणी याच डोंगराळ कोपऱ्यातून सुरू होते. इथल्या एखाद्या विद्यार्थ्याला दिल्लीला मुलाखतीसाठी जायचे असेल, व्यापाऱ्याला हैदराबादला माल बघायला जायचे असेल, तर पहिला प्रश्न एकच असतो. विमान कुठून धरायचे? सुरतहून की जळगावहून?

मोबाइलवर दोन विमानतळांची नावे टाकली की अंतर आणि उड्डाणवेळ क्षणात समोर येते. सुरत ते जळगाव सुमारे ३०० किलोमीटर, वेळ पाऊण ते एक तास. आकडे बरोबर असतात, पण ते विमानाचे असतात. घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा माणसाचा प्रवास त्यात कुठेच नसतो. खापरसारख्या गावातून पाहिले की हा फरक फार ठळक दिसतो. म्हणून या दोन आकड्यांच्या पोटात काय दडलेले असते, ते उलगडून पाहण्यासारखे आहे.

आधी अंतर. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधला जवळचा मार्ग कमानीसारखा असतो. पृथ्वीच्या मध्यातून कापणारे एक मोठे वर्तुळ त्या दोन ठिकाणांवरून न्यायचे आणि त्याचा मधला तुकडा मोजायचा, हे हवाई अंतर. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे विमान नकाशावर उगाच उत्तरेकडे वाकल्यासारखे दिसते, त्याचे कारण हेच. आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या अंतरांना मात्र या गोलाईचा जवळपास काहीच फरक पडत नाही. सुरत ते जळगाव जमिनीच्या पोटातून सरळ बोगदा खणला, तर तो वरच्या कमानीपेक्षा जेमतेम २८ मीटरने लहान भरेल.

ही रेषा खानदेशच्या नकाशावर आखली तर ओळखीची गावे भेटतात. सुरतहून पूर्वेला निघाले की डाव्या हाताला उकाईचा प्रचंड जलाशय राहतो. मग नवापूरचा परिसर, साक्रीचा उत्तर भाग, धुळे उजवीकडे ठेवून अमळनेर, धरणगाव आणि जळगाव. खापर या रेषेच्या पन्नास-पंचावन्न किलोमीटर उत्तरेला पडते.

आता याच रेषेशेजारी लोहमार्ग ठेवून बघा. तापीच्या खोऱ्यातून जाणारा हा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी स्थानके घेत तो जळगावला पोचतो. उधना ते जळगाव या मार्गाची लांबी ३०७ किलोमीटर आहे, आणि या दोन स्थानकांमधले सरळ अंतर सुमारे २८० किलोमीटर. म्हणजे रेल्वेला पडणारा वळसा दहा टक्क्यांहूनही कमी. तापीचे खोरे सपाट आणि पूर्व-पश्चिम पसरलेले असल्याने रूळ टाकणाऱ्यांना डोंगर फोडावे लागले नाहीत, मोठे वळसे घ्यावे लागले नाहीत. जिथे रेल्वे इतकी सरळ जाते, तिथे विमानाला कमी करायला अंतरच उरत नाही. त्याच्याकडे उरतो तो फक्त वेग.

आणि तो वेगही छोट्या पल्ल्यावर पुरता वापरता येत नाही.

प्रादेशिक मार्गांवर बहुधा एटीआर-७२ जातीचे विमान असते. सत्तरेक आसने, दोन-दोनच्या रांगा, मधे अरुंद वाट. चढायचा दरवाजा शेपटीकडे, सामान पुढच्या बाजूला. पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे खालची शेते, नाले, रस्ते नीट दिसतात. पंख्यांवर चालणाऱ्या या विमानाचा ऐन वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. ३०० किलोमीटरला ५०० ने भागले की ३६ मिनिटे येतात. मग वेळापत्रकात तास का धरावा लागतो?

कारण ५०० चा वेग विमानाला मधल्या टप्प्यातच मिळतो. धावपट्टी सोडल्यावर सोळा हजार फुटांवर पोचायला एटीआरला पंधराएक मिनिटे लागतात आणि त्या चढणीत ७०-८० किलोमीटर संपतात. उतरण्यासाठी वैमानिकांचा एक सोपा ठोकताळा आहे. प्रत्येक हजार फूट उंचीसाठी तीन नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. सोळा हजार फुटांसाठी ४८ नॉटिकल मैल, म्हणजे जवळजवळ ९० किलोमीटर आधीच विमान खाली यायला लागते. चढण आणि उतरण वजा केली की ३०० पैकी १३० किलोमीटरच काय ते पूर्ण वेगाने कापायचे उरतात. प्रवाशाने पाण्याची बाटली उघडून दोन घोट घ्यावेत, तोवर कान दडायला सुरुवात होते.

शिवाय कंपनीच्या वेळापत्रकातली वेळ हवेतली नसतेच. विमान उभ्या जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबले की बंद होते. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे आले, परवानगीची वाट पाहणे आले, उतरल्यावर पुन्हा सरपटणे आले. मुंबईसारख्या गजबजलेल्या ठिकाणी तर हा भाग फार वाढतो. तिथल्या मुख्य धावपट्टीवरून तासाला साधारण ४६ विमानांची ये-जा होते. जळगावहून निघालेल्या छोट्या विमानालाही त्या रांगेत आपला क्रमांक येईपर्यंत आकाशात घिरट्या घालाव्या लागू शकतात. जळगाव–मुंबई हवाई अंतर सुमारे ३५५ किलोमीटर. भागाकाराने ४३ मिनिटे निघतात, तरी प्रवाशाने सव्वा तासाचाच हिशेब धरलेला बरा.

हवामानाचाही हिशेब असतो. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही उतरते. त्याच वजनाच्या विमानाला मग लांब धावपट्टी लागते, किंवा वजन कमी करावे लागते. थंडीत सकाळचे धुके अडवते. आधुनिक उतरण यंत्रणा नसलेल्या छोट्या विमानतळावर नजरेच्या भरवशावर उतरायचे तर पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसायला हवे. मोठ्या विमानतळावर याहून कितीतरी दाट धुक्यातही विमान उतरते. म्हणून लहान गावचे विमान रद्द झाले आणि मोठ्या शहरातले थोड्या उशिराने का होईना सुटले, असे एकाच सकाळी घडते. ज्याने पाच तासांचा रस्ता तुडवून विमानतळ गाठला, त्याला हे फार जाचते.

खुद्द जळगावच्या विमानतळाची गोष्ट या सगळ्याची साक्ष देते. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते मार्च २०१२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. धावपट्टी तयार, इमारत तयार, पण नियमित प्रवासी विमानाची वाट पाहण्यात वर्षे गेली. मग 'उडान' योजना आली. एप्रिल २०१७ मध्ये देशातली या योजनेची पहिली उड्डाणे सुरू झाली, त्यांत शिमला–दिल्लीबरोबर आपली नांदेड–हैदराबादही होती. योजना सरळ होती. सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या उड्डाणाला ठरावीक आसनांचे भाडे २५०० रुपयांच्या आसपास ठेवायचे, कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यायची आणि तीन वर्षे त्या मार्गावर दुसऱ्या कुणाला येऊ द्यायचे नाही. तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागेल आणि मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, असा अंदाज होता.

जळगावला डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचे छोटे, अठरा-एकोणीस आसनांचे विमान मुंबईहून आले. ही सेवा टिकली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेटने एटीआर आणून जळगाव मुंबईला आणि अहमदाबादला जोडले. तीही बंद पडली. २०२४ मध्ये गोव्यातल्या फ्लाय-९१ ने जळगावला गोवा, हैदराबाद आणि पुण्याशी जोडले, तर अलायन्स एअरने मुंबईची सेवा सुरू केली. प्रत्येक वेळी स्वागताला गर्दी झाली, पाण्याच्या फवाऱ्यांची कमान धरली गेली, आणि प्रत्येक खंडानंतर प्रवाशांना पुन्हा रेल्वेकडे वळावे लागले. विमानाचा मार्ग हा रस्त्यासारखा पक्का नसतो. वेळापत्रकातली एक ओळ गेली की दोन गावांमधले अंतर एका रात्रीत तासाभरावरून आठ-नऊ तासांवर जाते.

या मार्गांची लांबी शेजारी-शेजारी ठेवली की त्यांचे बळ कळते. जळगाव–पुणे हवाई अंतर ३२० किलोमीटरच्या घरात, मुंबई ३५५, हैदराबाद ५०५ आणि गोव्यातले मोपा ६०० च्या थोडे पुढे. जसजसे अंतर वाढते तसतसे विमान आपली किंमत वसूल करते, कारण चढ-उताराला आणि विमानतळावरच्या थांब्याला लागणारा वेळ साधारण तेवढाच राहतो. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेली अमरावती–मुंबई सेवा याच कारणाने महत्त्वाची वाटते. हवाई अंतर ५४० किलोमीटरच्या आसपास, आणि रेल्वेने जायचे तर अख्खी रात्र. तिथे एटीआरचे पावणेदोन तास प्रवाशाला खरोखरच एक दिवस मिळवून देतात.

कमी अंतरावरही विमान उपयोगी पडते, पण वाटेत काहीतरी आडवे असले तर. याचे उत्तम उदाहरण सुरतहूनच दाखवता येते. सुरत ते भावनगर सरळ अंतर आहे अवघे ९० किलोमीटर. पण मधे खंभातचे आखात आहे. रस्त्याने त्याला पूर्ण वळसा घालून जावे लागते आणि अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते. सुरत शहरात हिरे आणि कापडाच्या कामावर सौराष्ट्रातली लाखो माणसे आहेत, गावी ये-जा सतत. २०२२ च्या सुरुवातीला सुरतहून नऊ आसनांची छोटी विमाने भावनगर, अमरेली, राजकोटकडे उडू लागली. एवढ्याशा विमानानेही आठ तासांचे काम अर्ध्या तासावर आणले. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये हजिरा–घोघा ही मोटारी-ट्रक नेणारी बोटही सुरू झाली होती. आखात आडवे होते, म्हणून आकाशालाही किंमत आली आणि पाण्यालाही.

खापरच्या बाजूला असे आडवे काय आहे? समुद्र नाही, पण उत्तरेला सातपुडा आहे आणि त्यापलीकडे नर्मदा. गावातून उत्तर-पश्चिमेला सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर सरदार सरोवर आणि केवडिया आहे. रस्त्याने डेडियापाडा, राजपिपळा करत गेले की हेच अंतर दुपटीहून जास्त होते. जलाशयाच्या काठावरचे मणिबेली तर याच अक्कलकुवा तालुक्यातले गाव. महाराष्ट्रातल्या मतदान केंद्रांच्या यादीत त्याचा क्रमांक पहिला येतो. निवडणुकीला तिथे बोटीतून जावे लागते, आजारी माणसाला आणायलाही बोटच. आपल्याच तालुक्यातले गाव पक्ष्याला अर्ध्या तासावर आणि माणसाला एका दिवसावर असावे, हा या भागाचा खरा भूगोल आहे.

याच केवडियाला काही काळ विमान येत होते, आणि तेही पाण्यावर. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादच्या साबरमती नदीपात्रातून स्टॅच्यू ऑफ युनिटीपर्यंत सीप्लेन सुरू झाले. मालदीवहून आणलेले ट्विन ऑटर जातीचे विमान, एकोणीस आसने, चाकांच्या जागी दोन लांब तरंगते पाय. नदीत तरंगत्या फलाटावरून आत शिरायचे आणि धरणाजवळच्या तलावात उतरायचे. सरळ अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, वेळ पाऊण तासाच्या आत. रस्त्याला चार तास. खापरच्या सर्वांत जवळ नियमित प्रवासी विमान आले ते हेच. पण एकच विमान होते आणि दुरुस्तीसाठी त्याला मालदीवला परत जावे लागत होते. एप्रिल २०२१ मध्ये सेवा थांबली. त्याच वर्षीच्या जानेवारीत केवडियाला रेल्वे पोचली होती आणि देशातल्या वेगवेगळ्या शहरांतून गाड्या सुरू झाल्या होत्या. गाड्या आजही येतात.

तर मग खापरहून विमानतळ किती लांब? सरळ रेषेने मोजले तर सर्वांत जवळचे वडोदरा, सुमारे ११५ किलोमीटर. त्यानंतर सुरत १३५, नाशिकजवळचे ओझर १६०, जळगाव १८५ ते १९०. इंदूर आणि छत्रपती संभाजीनगर दोन्ही सव्वादोनशेच्या पुढे. पहिले दोन्ही गुजरातमध्ये आहेत. ऊसतोडीला, बांधकामावर, कारखान्यात कामाला जाणारी इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरत-बारडोलीकडेच जात आली आहेत. देवमोगऱ्याच्या यात्रेला लोक सागबाऱ्याच्या बाजूला जातात. राज्याची सीमा कागदावर आहे, वहिवाटीत ती फारशी जाणवत नाही. विमानाच्या बाबतीतही तेच होते. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये सुरतला नवी इमारत आणि आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाल्यापासून आखाती देशांकडे जाणाऱ्यालाही तो विमानतळ सोयीचा झाला आहे.

आता घरापासूनचा हिशेब करू. खापर ते सुरत विमानतळ रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. घाट-वळणे, बाजाराची गावे आणि शहराची गर्दी धरून साडेतीन ते चार तास. बहुतेक कंपन्यांचे सामान घेणारे काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, तेव्हा दीड तास आधी पोचायला हवे. सुरत–दिल्ली हवाई अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या जवळ, विमानाला पावणेदोन-दोन तास. उतरून बाहेर पडून शहरात जायला आणखी एक-दीड तास. एकूण नऊ तास. रेल्वेने हाच प्रवास नंदुरबार किंवा सुरतहून गाडी धरून पुरा एक दिवस खातो. इथे विमान निर्विवाद जिंकते.

मुंबईला जायचे असेल तर मात्र चित्र उलटते. जळगावचे मुंबई विमान गाठायला आधी पूर्वेकडे पाच तास जायचे आणि मग पश्चिमेला परत यायचे. विमानतळावरचा वेळ, सव्वा तासाचे उड्डाण आणि मुंबईतली वाहतूक मिळवली तर नऊ तास होतात. तेवढ्यात रस्त्याने थेट मुंबई गाठता येते, भाडेही कितीतरी कमी. सुरतहून मुंबईचे हवाई अंतर सव्वादोनशे किलोमीटर, पण सुरत स्थानकावरून जलद गाडी तीनएक तासांत मुंबईत सोडते, तीही शहराच्या मध्यावर. हैदराबादला जाणाऱ्याने मात्र जळगाव आणि सुरत दोन्हीकडचे वेळापत्रक ताडून पाहावे. कुठले विमान आठवड्यातून किती दिवस आहे, यावर तिथे निकाल लागतो. दोन दिवस वाट पाहायची असेल तर एका तासाच्या उड्डाणाचा उपयोग नाही.

दिल्लीच्या त्या नऊ तासांत विमान हवेत असते सुमारे दीड तास. उरलेले साडेसात तास जमिनीवरचे. त्यातला सर्वांत मोठा तुकडा आहे खापर ते सुरतचा रस्ता. हे लक्षात घेतले की या भागाच्या मागण्या कशा असाव्यात, याची दिशा दिसते. धुळ्याजवळच्या गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरलाही आहे, दोन्हीकडे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. तिथून प्रवासी विमान उडावे, असे कुणालाही वाटेल. पण तिथून मुंबईला उडणारे विमान पुन्हा त्याच छोट्या पल्ल्याच्या अडचणीत सापडेल, आणि अक्कलकुव्याच्या माणसाला गोंदूर सुरतपेक्षा फार जवळ नाही.

त्याऐवजी साधा हिशेब करून पाहावा. खापर–सुरत दीडशे किलोमीटरवर गाडीचा सरासरी वेग आज ताशी ४० धरला, तर पावणेचार तास लागतात. रस्ता रुंद आणि खड्डेमुक्त होऊन हाच वेग ५५ झाला, तर पावणेतीन तासांत काम होते. एक पूर्ण तास वाचतो. तीनशे किलोमीटरच्या मार्गावर एटीआर काढून मोठे जेट लावले, तरी दहा-पंधरा मिनिटांच्या वर काही वाचत नाही. नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा, खापर अशी प्रवासी घेत थेट सुरत विमानतळाच्या दारात जाणारी, पहाटेच्या आणि दुपारच्या विमानांशी वेळ जुळवलेली एखादी एसटी असेल, तर भाड्याच्या गाडीचे हजारो रुपये वाचतील. विमानाच्या तिकिटाइतकाच खर्च विमानतळ गाठायला होतो, ही इथल्या विद्यार्थ्याची आणि परदेशी निघालेल्या कामगाराची रोजची अडचण आहे.

तोवर खापरहून निघणाऱ्याने सकाळी नऊचे विमान असेल तर रात्री तीनला घर सोडलेले चांगले. पावसाळा असेल तर दोनलाच, कारण सातपुड्यातले नाले एका सरीत भरतात आणि फरशी पुलावर पाणी आले की गाड्या तासन्‌तास उभ्या राहतात.